हद्दीतली म्हैस

वस्ती नगरपालिकेच्या हद्दीत आली तेव्हा कुणाला पत्ताच नव्हता. एका सकाळी चार माणसं आली, रस्त्याच्या कडेला सिमेंटचा खांब पुरला, त्यावर आकडा रंगवला आणि निघून गेली. खांब कशाला ते न कळल्यामुळे लोकांनी त्याला शेळ्या बांधल्या. आठवड्याने शेळ्या बांधल्याबद्दल पहिला दंड झाला, तेव्हा सगळ्यांना उमगलं की आपलं भाग्य उजळलं.

दंड लिहायला येणाऱ्या माणसाला वस्ती ‘पावती’ म्हणायची. त्याच्या खिशात रुमाल नसेल, पण हातात पावतीपुस्तक असायचं. गल्लीवर वाळत घातलेले कपडे, उंबऱ्याबाहेर लोटलेलं पाणी, भिंतीला टेकवलेली सायकल, सगळ्याला कलम होतं. सगळे जिला थोरली म्हणायचे, तिच्या सासूला तर बाजेबद्दल दंड झाला. बाजेचा एक पाय गल्लीत येत होता. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण जीभ शाबूत होती. ती म्हणाली, “तीन पाय माझ्या घरात आहेत बाबा, एकाच पायाचं काय ते लिही.” पावती हसला नाही. त्याने पूर्ण बाजेचा दंड लिहिला.

तो वाईट माणूस होता असंही नाही. कुणाकडे कधी चहासुद्धा प्यायला नाही. म्हातारीचं म्हणणं असं, की लाच खाणारा असता तर परवडला असता, खाणाऱ्याचं पोट कधीतरी भरतं.

घरात माणसं तीन. म्हातारी, तिचा मुलगा आणि थोरली. धाकटा दीर बायकोला घेऊन कधीच शहरात गेला होता, पण थोरली हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. नवरा विटांच्या भट्टीवर विटा वाहायचा. पाठ गेलेली, हात घासून गुळगुळीत झालेले. त्याच्या मजुरीत भाडं आणि किराणा भागायचा. बाकीचा संसार ठिपकी ओढायची.

ठिपकी म्हणजे म्हैस. कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका, म्हणून ठिपकी. तिची आई तिला जन्म देताच मेली. थोरलीने कापडाची वात दुधात बुडवून तिला चोखवली आणि वाढवली. थोरलीची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पुढे मुलीच्या शाळेचे कपडे, तिचं बाळंतपण, म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन, सगळं या म्हशीच्या कासेतून आलं. आता ठिपकीचं वय झालं होतं, पण पाच महिन्यांची रेडी पाठीशी होती आणि दोन्ही वेळचं मिळून अकरा घरांचा रतीब निघत होता. ठिपकी दूध देते तोवर घर उभं आहे, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. बोलायची गरजच नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. नळाला दिवसाआड तासभर पाणी. माणसं दोन तांब्यांत अंघोळ उरकतील, पण म्हशीला अंग बुडवायला पाणी लागतंच, नाहीतर ती दूध चोरते. पाणी उरलं होतं मोठ्या रस्त्यापलीकडच्या तळ्यात. आणि नियम असा, की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रस्त्यावर जनावर दिसता कामा नये. म्हणून थोरली पहाटेची धार काढून, रतीब घालून, आठच्या आत ठिपकीला तळ्यात सोडायची, दुपारी धुणी घेऊन तळ्यावर परत यायची आणि सहा वाजले की तिला घेऊन घरी जायची. तिच्या आयुष्यात घड्याळ आलं ते असं म्हशीच्या पायी.

बिल्ल्याचा नियम त्याच उन्हाळ्यातला. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर आकडा. बिल्ला मारणाऱ्याने एका दुपारात चाळीस कान उरकले. ठिपकीचा कान पिकला. पू धरला, माश्या बसायला लागल्या, ती डोकं झटकून झटकून दावणीला आपटायची. थोरलीने चार दिवस पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, पक्कड आणा. दोघांनी मिळून बिल्ला कापून काढला, कान कोमट पाण्याने धुतला, तेल लावलं. बिल्लाही तिने धुतला. सरकारी वस्तू, हरवायला नको, म्हणून सुतळीने ठिपकीच्या गळ्यातल्या दाव्याला बांधून टाकला. आकडा म्हशीच्या अंगावर आहे म्हणजे झालं, असं तिला वाटलं. आपण नियम पाळला याचं तिला समाधानही वाटलं असावं, कारण शेजारणीला तिने तो दाखवला होता.

पण पाण्यात शिरताना ती दावं काढून ठेवायची. ओलं दावं मानेला काचतं. दुभत्या म्हशीची मान काचू देणारी बाई थोरली नव्हती. दावं झाडाच्या फांदीला टांगायचं, म्हैस पाण्यात सोडायची, निघताना पुन्हा घालायचं. तिच्या सासूनेही हेच केलं होतं आणि सासूच्या सासूनेही.

त्या दिवशी पाणी इतकं खाली गेलं होतं की ठिपकीची पाठसुद्धा भिजेना. ती चिखलात बसली, उठली, पुन्हा बसली. कास भरून आली होती. म्हशीला घड्याळ कळत नाही, तिला कास कळते. थोरली खडकावर चादर पिळत होती. चादर झटकून वर बघते तो चिखलात नुसता खळगा. ठिपकी चढ चढून, रस्ता ओलांडून, रोजच्या वाटेने घराकडे निघाली होती.

थोरली फांदीवरचं दावं ओढून ओल्या पायांनी धावली. तिने गाठलं तेव्हा ठिपकी घरापासून पन्नास पावलांवर उभी होती. पुढे पावती आणि त्याची दोन माणसं. सहाला वीस मिनिटं होती. आतून रेडी ओरडत होती आणि ठिपकी तिला ओ देत होती.

थोरलीने धापा टाकत दावं पुढे केलं. हा बघा बिल्ला, आमचीच आहे, कान पिकला म्हणून काढला, आकडा ताडून बघा. पावतीने बिल्ला हातात घेऊन बारकाईने पाहिला.

“बिल्ला कानात असला तर बिल्ला,” तो म्हणाला. “हातात असला तर बिल्ला काढल्याचा गुन्हा.”

मग त्याने उभ्या उभ्या तीन पावत्या लिहिल्या. बंदीच्या वेळेत जनावर रस्त्यावर, विनाबिल्ला जनावर, बिल्ल्याशी छेडछाड. थोरली म्हणत होती की घर ते समोर आहे, धार काढायची वेळ आहे, दंड उद्या भरते. त्याची माणसं तोवर ठिपकीच्या गळ्यात दोर घालून वळलीही होती. ठिपकी जाईना. तिने घराकडे तोंड करून पाय रोवले. मग एकाने शेपूट पिरगाळली. थोरलीच्या हातून आजवर त्या जनावराला साधी चापट बसली नव्हती. ती हातात दावं घेऊन कोंडवाड्यापर्यंत मागे मागे गेली आणि फाटक लागल्यावर परत आली.

संध्याकाळी अकरा घरची भांडी दाराशी आली आणि रिकामी गेली. म्हातारीने रेडीला पाणी पाजलं. नवरा भट्टीवरून आला, हातपाय न धुता ओट्यावर बसून राहिला आणि म्हणाला, सकाळी जाऊ. एक वेळची धार चुकली तर काही होत नाही, असंही म्हणाला. ते त्यालाही खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मजुरी बुडवली. नगरपालिकेची खिडकी दहा ते एक उघडी असायची. रांगेत उभं राहून त्यांचा नंबर आला तेव्हा कारकुनाने पावत्या पाहिल्या आणि परत केल्या. ज्या जनावराच्या कानात बिल्ला नाही त्याला मालक नाही. मालक नाही, तर दंड भरणार कोण? ते दंड घ्यायलाच तयार नव्हते. आधी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणायचा, की बिल्ला दुखण्यापायी काढला होता. मग बिल्ला आणि जनावर एकच असल्याचा दाखला. मग दंड. डॉक्टर कोंडवाड्यात कधी येतात? परवा.

नवऱ्याने मान हलवली. आयुष्यभर ओझी उचललेल्या माणसाला मान हलवायची सवय असते. थोरली मात्र खिडकीशी वाकली.

“साहेब, दंड लावा, म्हैस ठेवा तुमच्याकडे परवापर्यंत. मला फक्त धार काढू द्या.”

“जप्त मालातून काही काढता येत नाही, बाई.”

“दूध आहे ते. काढलं नाही तर कास नासेल.”

“नासली तर नुकसान मालकाचं,” कारकून म्हणाला, “काढलं तर गुन्हा माझा.” आणि त्याने मागच्या माणसाला पुढे बोलावलं. तो काही रागाने बोलला नाही. त्याचा आवाज चांगला मऊ होता, आणि थोरलीला तेच जास्त लागलं.

तिथून ती कोंडवाड्यावर गेली. कोंडवाडा म्हणजे चारी बाजूंनी आडव्या लोखंडी पाइपांचं कुंपण, वर अर्धं पत्र्याचं छप्पर. आत सात-आठ जनावरं, शेणात घोट्यापर्यंत. ठिपकी मागचे पाय फाकवून उभी होती. कास पायांत मावत नव्हती. सडांतून दूध थेंब थेंब आपोआप गळत होतं आणि शेणात पांढरा डाग पडत होता. थोरलीला पाहून ती ओरडली. तो आवाज थोरलीने कधी ऐकला नव्हता. हंबरणं नव्हतं ते.

राखणदार म्हातारा होता, एका पायाने लंगडा. त्यालाही वर्षाला दोन दंड बसलेले, एकदा फाटक उशिरा लावलं म्हणून आणि एकदा लवकर. थोरलीने त्याला मामा म्हटलं, हात जोडले. तो जमिनीकडे बघत राहिला. मग तो सांगू लागला, की मी पहाटे साडेपाचला चहाला जातो, परत यायला अर्धा तास लागतो, आणि मागच्या बाजूला खालचा पाइप जरा वाकलेला आहे, दुरुस्तीला अर्ज केलाय पण अजून कुणी आलं नाही. एवढं बोलून तो लंगडत आत गेला.

थोरली घरी आली तेव्हा म्हातारीने विचारलं, कास दाबून पाहिलीस का? नाही म्हटल्यावर तिने पुढे विचारलं नाही. तिच्या काळात तिनेही म्हशी सांभाळल्या होत्या.

पहाटे थोरली निघाली तेव्हा हातात चरवी होती. कोंडवाड्याच्या वळणावर ती थांबली. भरलेली चरवी घेऊन कुणी पाहिलं तर चोरी. सरकारच्या ताब्यातलं दूध आपण घरी नेलं असं होईल. तिने बराच विचार केला आणि चरवी झुडपाआड ठेवून दिली. दूध न्यायचं नाही, नुसतं मोकळं करायचं. जमिनीवर सांडलेलं दूध कुणाचंच नसतं. अशा वेळीही त्या बाईला आपण चोर ठरू नये याची काळजी होती.

वाकलेल्या पाइपाशी ती कुशीवर आडवी झाली आणि दोन्ही हात आत घातले. ठिपकी आपण होऊन आली आणि कुंपणाला अंग लावून उभी राहिली. कास दगडासारखी लागली. थोरलीने आधी नुसता हात फिरवला, वरून खाली, तोंडाने काहीबाही बोलत. रेडी नव्हती तरी ठिपकीने पान्हा सोडला. मग पहिली धार जमिनीवर पडली.

जन्मात तिने दूध सांडलं नव्हतं. एखादा थेंब पडला तर ती तो बोटाने टिपून घ्यायची. आणि आता दोन्ही मुठींनी धारा मातीत सोडत होती. माती आधी पीत होती, मग प्यायची थांबली, आणि पांढरा ओहोळ तिच्या कोपराखालून, पोटाखालून बाहेर निघाला. तिचं अर्धं लुगडं दुधाने भिजलं. तिला रडू आलं आणि हात मात्र थांबले नाहीत.

अलीकडचे दोन सड हलके झाले. पलीकडच्या दोनपर्यंत हात पोचेना, खांदा पाइपात अडकत होता. म्हैस फिरायला हवी होती. थोरलीने हात काढून तिला उलटं वळायला सांगितलं. रोज गोठ्यात एवढं सांगितलं की ठिपकी वळायची. इथे शेणात पाय रुतलेले, कास दुखत असलेली, ती हळूहळू वळायला लागली. अर्धी वळली असेल तेव्हा पाठीमागून बुटांचा आवाज आला.

पावती रोज पहाटे फेरी मारायचा. त्याने थोरलीला उठायला सांगितलं. ती उठली. आपण काही नेलं नाही, भांडंसुद्धा आणलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. भांडं खरोखरच नव्हतं. तेव्हा चोरीचं कलम लागत नाही हे त्याने मान्य केलं, आणि खाली वाहणाऱ्या दुधाकडे बघून सार्वजनिक जागी घाण केल्याची पावती लिहिली.

राखणदाराला त्याच दिवशी घरी बसवलं. थोरली नंतर त्याच्याकडे माफी मागायला गेली, तर त्याच्या बायकोने दार उघडलं नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टर आले. तरुण होते, बूट शेणात घालायला कचरले नाहीत. कान पाहिला आणि म्हणाले, बिल्ला काढला नसता तर कान गेला असता, चांगलं केलंत. तसा दाखला लगेच लिहून दिला. मग ते खाली बसले आणि एकेक सड दाबून पाहू लागले. अलीकडच्या दोनमधून घट्ट पिवळसर दूध आलं. पलीकडच्या दोनमधून आधी काहीच आलं नाही, मग दह्यासारखी गुठळी. ठिपकीने पाय झाडला.

“काल काढायला हवं होतं हो,” डॉक्टर म्हणाले.

“काल काढलं होतं,” थोरली म्हणाली. “त्याचा दंड झालाय.”

डॉक्टरांनी पिशवी उघडली. एक इंजेक्शन दिलं. या म्हशीची दर चार तासांनी धार काढू द्यावी, असा कागद लिहून नव्या राखणदाराच्या हातात ठेवला. नवा राखणदार कोवळा होता, नोकरीचा दुसरा दिवस. त्याने कागद वाचला आणि यावर कचेरीचा शिक्का लागेल म्हणाला. नवरा कागद घेऊन धावत सुटला. पाठीला हात लावून विटांचा माणूस भर उन्हात धावला. पोचला तेव्हा एक वाजून सात मिनिटं झाली होती.

पाचव्या दिवशी खिडकी उघडताच पहिला नंबर त्यांचा होता, कारण नवरा पहाटेपासून खिडकीखाली बसून होता. चार पावत्या, चार दिवसांचा चारा, आणि दाखल्याचं शुल्क. भट्टीमालकाकडून त्याने पावसाळ्यापर्यंतची मजुरी आधीच उचलून आणली होती, ती सगळी तिथे ठेवली. बिल्ला आणि जनावर एकच असल्याचा दाखला आतून लिहून यायला दोन तास गेले, मग कारकुनाने शिक्का मारला आणि म्हशीची सुटका झाली. तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

सहापर्यंत रस्त्यावर जनावर आणता येत नव्हतं.

हे आधी त्यांच्या ध्यानातच आलं नाही. फाटकातून बाहेर पडले तशी त्या कोवळ्या राखणदाराने हाक मारून आठवण दिली. त्याने भलेपणाने दिली, पुन्हा दंड बसू नये म्हणून. आत ठेवावी तर पाचव्या दिवसाचा चारा लागेल, बाहेर न्यावी तर रस्ता. तेव्हा फाटक आणि रस्ता यांच्यामधल्या दहा पावलांच्या पट्टीत ते तिघं थांबले, दोन माणसं आणि एक म्हैस. सावली कुठेच नव्हती. नवरा डोक्याचा रुमाल सोडून ठिपकीच्या डोळ्यांवर धरून उभा राहिला. थोरली खाली बसली आणि कासेला हात लावला.

आधी पाणी आलं. मग गुठळ्या. मग लालसर काहीतरी, आणि त्यानंतर नुसतं रक्त. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती तासातासाने काढत राहिली आणि आज ते सगळं ओंजळीत धरून पट्टीच्या आत, मातीत पुरत राहिली, कुणाला डाग दिसू नये म्हणून. एकदा तो म्हणाला, “अगं, थांब जरा, बोटं सुजलीत तुझी.” ती थांबली नाही. सहा वाजले तेव्हा ते घराकडे निघाले.

घरात म्हातारी दारातच बसली होती. तिने ठिपकीला जवळ आणायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी कास चाचपली, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तशी. मग हात लुगड्याला पुसले. रेडीला सोडलं तशी ती उड्या मारत आईखाली शिरली आणि तोंड लावताच ठिपकीने लाथ मारली. रेडी कोलमडली. ती उठून पुन्हा गेली नाही, लांब उभी राहून बघत राहिली.

पुढचे पंधरा दिवस दोघांनी काही करायचं ठेवलं नाही. डॉक्टर दोनदा आले, दुसऱ्या खेपेला पैसेही घेतले नाहीत. गरम पाण्याचा शेक, मलम, इंजेक्शनं. ताप उतरला. पण दुखणं दोन सडांतून चारांत गेलं आणि कास आक्रसत आक्रसत कातड्याची पिशवी होऊन लोंबायला लागली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. ही आता दूध देणार नाही, ते म्हणाले, पुन्हा व्यायली तरी नाही. रतीबाची घरं एकेक करून पिशवीच्या दुधाकडे वळली. एकदा गल्लीत समोरून येणाऱ्या बाईने दुधाची पिशवी पाठीमागे लपवली. थोरलीला ते दिसलं आणि तिनेच वाट बदलली.

बसून खाणारी म्हैस ठेवायला चारा लागतो. नवऱ्याची मजुरी पावसाळ्यापर्यंत गेलेलीच होती. तो जेवताना ताटाकडे बघत राही. शेवटी म्हातारीच म्हणाली, की व्यापाऱ्याला निरोप द्या. कोणता व्यापारी ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. भाकड म्हशी घेणारा एकच होता.

व्यापारी कानात बिल्ला नसलेलं जनावर घेत नव्हता. त्यालाही दंड होता. म्हणून बिल्लावाल्याला बोलावलं. त्याने दुसरा कान धरला, ठोकलं आणि अर्ज भरायला बसला. जनावर कशाचं? म्हैस. वय? तेरा. दुभती की भाकड? थोरलीने गोठ्याकडे पाहिलं. दुभती होती, ती म्हणाली. बिल्लावाला म्हणाला, होती असा रकाना नाही. मग तिने भाकड सांगितलं. तसा त्याचा चेहरा खुलला आणि तो म्हणाला, मग तुमचं शुल्क माफ आहे. त्याने शून्याची पावती फाडून तिच्या हातात दिली आणि जपून ठेवायला सांगितलं.

व्यापारी आला त्या सकाळी नवरा नेहमीपेक्षा तासभर आधी भट्टीवर निघून गेला होता. जाताना गोठ्यात शिरला होता, ते थोरलीने पाहिलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून होती. व्यापाऱ्याने व्यवहार चोख केला, घासाघीस केली नाही. मग दोर हातात घेऊन तो दाराबाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

“घरात आणखी कुणी आहे का हो?” त्याने विचारलं. “गाडी फाट्यावर आहे, आत आणायला परवाना लागतो. आणि आता जनावरामागे दोन माणसं लागतात रस्त्यावर. माझा माणूस आज आला नाही.”

थोरलीने सासूकडे पाहिलं. मग पायांत चपला घातल्या.

आठ वाजायला अजून वेळ होता. व्यापारी पुढे दोर धरून, ती मागे. गल्लीतल्या बायका दारात आल्या आणि आत गेल्या. ठिपकी चार पावलं चालायची आणि वळून बघायची. थोरली मागे आहे असं दिसलं की पुन्हा चालायची. तळ्याकडे वळायची जागा आली तेव्हा ती आपण होऊन तिकडे वळली. व्यापाऱ्याने दोर ओढला. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला सरळ केलं. हात तिथेच राहिला. कातडं गरम होतं, उन्हाचं की अंगातलं ते कळत नव्हतं.

फाट्यावर गाडी उभी होती. आत पाच-सहा म्हशी, गप्प. मागे फळी लावलेली. ठिपकी फळीपाशी थांबली आणि तिने पाय रोवले. व्यापाऱ्याने ओढलं, ड्रायव्हर खाली उतरून काठी शोधायला लागला.

“काठी नको,” थोरली म्हणाली.

ती फळीवरून वर गेली. गाडीत उभी राहिली, तोंड ठिपकीकडे करून. धार काढायला बसताना ती रोज दोन्ही वेळा जशी हाक मारायची, तशी तिने हाक मारली. ये बाई माझे, ये, झालं आता, ये.

ठिपकीने कान हलवला, पिवळा बिल्ला हलला. मग ती एक एक पाय टाकत फळी चढून आली आणि थोरलीच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. मागचे पाय जरा फाकवून, धारेला उभी राहते तशी.

“बरं झालं तुम्ही आलात,” व्यापारी म्हणाला. “नाहीतर फार मारावं लागतं.”

थोरली खाली उतरली आणि त्याने फळी काढून घेतली.